आरशात दिसलेला आवाज

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपल्याकडे म्हणतात. गळ्यातल्या हाराला मात्र आरसा लागतो. आणि गळ्याच्या आत जे आहे ते पाहायचं तर एक नव्हे, दोन आरसे लागतात. ही साधी गोष्ट माणसाला कळायला फार वेळ लागला. अंगाई, अभंग, अजान, आरोळी, भांडण, भाषण हे सगळं ज्या जागेतून निघतं, ती जागा जिवंत माणसात, आवाज काढत असताना, शतकानुशतकं कोणी नीट पाहिलेलीच नव्हती. त्यासाठी १८५४ साल उजाडावं लागलं. आणि ज्यानं ती पाहिली तो वैद्य नव्हता, हकीम नव्हता, डॉक्टरही नव्हता. तो गाण्याचा मास्तर होता, आणि त्याचा स्वतःचा गाण्याचा आवाज तरुणपणीच गेलेला होता.

आज त्या माणसाची, त्याच्या आरशाची आणि त्या आरशानं पुढं काय केलं याची हकिगत सांगायची आहे. रेडिओवरच्या माणसाचा चेहरा ऐकणाऱ्याला दिसत नाही. त्याच्याकडे आवाजाखेरीज दुसरं काहीच नसतं. त्यामुळे हा विषय इथं बोलण्यात एक औचित्यही आहे.

आवाजाच्या दुखण्याला आपण फारसं दुखणं मानत नाही. दात दुखला की माणूस कळवळतो, डोळा आला की काळा चष्मा लावतो. आवाज गेला तर मात्र 'घसा बसलाय' एवढं बोलून मोकळा होतो. खडीसाखर चघळावी, ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरावी, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कराव्यात, रात्री हळदीचं दूध घ्यावं. बहुतेक वेळा घसा चार दिवसांत सुटतोही. पण प्रत्येक वेळी सुटत नाही, आणि जेव्हा सुटत नाही तेव्हा काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या वैद्यांनी हा प्रश्न हलका मानला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'स्वरभेद' या विकाराला स्वतंत्र अध्याय आहे. त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. वात, पित्त, कफ आणि सन्निपात हे चार, पाचवा क्षयामुळे होणारा आणि सहावा मेदामुळे होणारा. कारणांमध्ये फार मोठ्यानं बोलणं आणि मोठ्यानं पाठ म्हणणं यांचाही समावेश आहे. म्हणजे शिक्षकाचा, पाठकाचा घसा का बसतो हे त्या काळच्या वैद्याला ठाऊक होतं. घसा ऐकून आणि माणसाची बाकीची प्रकृती पाहून तो निदान करत असे. आत डोकावायची सोय नव्हती.

तिकडे रोममध्ये दुसऱ्या शतकात गॅलेन नावाच्या ग्रीक वैद्यानं लोकांसमोर एक प्रयोग केला होता. बांधून ठेवलेलं, ओरडणारं डुक्कर घेऊन त्यानं मानेतल्या दोन बारीक शिरा कापल्या. रक्ताच्या नव्हे, मज्जातंतूंच्या. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचा आवाज एकदम बंद झाला. आवाज हृदयातून येतो असं मानणारे लोक त्या वेळी होते. मेंदूकडून येणाऱ्या एका धाग्यावर आवाज टांगलेला आहे, हे गॅलेननं दाखवून दिलं. गंमत म्हणजे हा मज्जातंतू मेंदूकडून सरळ घशात येत नाही. तो आधी छातीत उतरतो आणि तिथून वळसा घेऊन परत वर चढतो. डाव्या बाजूचा तर हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालून येतो. म्हणून छातीतल्या एखाद्या गाठीची पहिली खबर कधीकधी बसलेला आवाज देतो.

अकराव्या शतकात इब्न सिनानं अक्षरं कशी उत्पन्न होतात यावर अरबीत एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात स्वरयंत्राच्या कूर्चांचं आणि जिभेचं वर्णन करणारं एक प्रकरण आहे. कोणतं अक्षर कुठून निघतं याचा विचार आपल्या प्रातिशाख्यांनीही बारकाईनं केला होता. म्हणजे व्याकरणाचा माणूस आणि वैद्य दोघंही त्या बंद दारापाशी येऊन उभे होते.

१७४१ साली पॅरिसमध्ये आंत्वान फेरँ या शरीरशास्त्रज्ञानं मृत माणसांच्या आणि जनावरांच्या स्वरयंत्रांत हवा फुंकून आवाज काढून पाहिला. आत दिसणाऱ्या दोन पांढुरक्या कडा त्याला व्हायोलिनच्या तारांसारख्या वाटल्या. म्हणून त्यानं त्यांना तारा म्हटलं. आपला 'स्वरतंतू' हा शब्द त्याच उपमेच्या वंशातला. खरं तर त्या तारा नाहीतच. त्या मऊ, ओलसर घड्या आहेत. पुरुषात साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब, स्त्रियांत त्याहून आखूड. फुप्फुसातून वर येणारी हवा त्यांना थरथरवते. साधं बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रीचे दोनशेच्या आसपास एकमेकांना भिडतात आणि सुटतात. कवीला उपमा माफ असते, पण इथं शास्त्रज्ञाची उपमाही अडीचशेहून अधिक वर्षं टिकून राहिली आहे.

आता आपल्या मास्तरांकडे वळू. त्याचं नाव मॅन्युएल गार्सिया. जन्म स्पेनमधला, १८०५ सालचा. घराणं गाणाऱ्यांचं. वडिलांचं नावही मॅन्युएल गार्सियाच. रॉसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल' या संगीतिकेत १८१६ साली पहिल्या प्रयोगात नायकाची भूमिका त्या वडिलांनी गायली होती. बहीण मारिया पुढं मारिया मालिब्रान या नावानं युरोपभर गाजली. धाकटी पॉलिन व्हियार्दो, तीही तितकीच मोठी गायिका झाली. १८२५ साली हे कुटुंब बोटीनं न्यूयॉर्कला गेलं आणि तिथल्या लोकांना त्यांनी इटालियन संगीतिका दाखवली. वीस वर्षांचा हा मुलगा रंगमंचावर फिगारो गात होता.

वडील शिस्तीचे कडक होते. कोवळ्या आवाजावर ताण फार पडला. प्रयोगांमागून प्रयोग, तालमींमागून तालमी. काही वर्षांतच तरुण मॅन्युएलच्या लक्षात आलं, की आपला आवाज रंगभूमीचा राहिलेला नाही. ज्या घरात सगळे गाऊन मोठे झाले, त्या घरातल्या मुलाला हे स्वतःशी कबूल करावं लागणं म्हणजे काय, याची कल्पना करावी. त्यानं रंगमंच सोडला. पण 'आवाज का गेला' हा प्रश्न सोडला नाही. पॅरिसच्या लष्करी रुग्णालयात त्यानं काही काळ काम केलं. घशाची रचना शिकून घेतली. गाणं शिकवू लागला. १८४० साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढं त्यानं माणसाच्या आवाजावर एक निबंध ठेवला. गाण्याचा मास्तर आणि विज्ञान अकादमी, ही जोडी त्या काळी तशी नवलाचीच होती.

१८४१ साली त्याच्याकडे स्वीडनहून एक मुलगी आली. वय वीस. नाव जेनी लिंड. मायदेशात ती आधीच प्रसिद्ध झाली होती, पण सतत गाऊन आणि चुकीच्या पद्धतीनं गाऊन तिचा आवाज थकला होता. वरचे सूर फाटत होते. गार्सियानं तिचं गाणं ऐकलं आणि आधी शिकवायचंच नाकारलं. आवाजाला पूर्ण विश्रांती द्या, जवळजवळ दीड महिना गाऊ नका, बोलणंसुद्धा कमी करा, मग या, असं त्यानं तिला सांगितलं. ती गप्प राहिली. परत आली. पुढं बरेच महिने शिकली. तीच मुलगी नंतर 'स्वीडनची कोकिळा' म्हणून दोन खंडांत गाजली. औषध नाही, शस्त्र नाही. मौन आणि मग योग्य रियाज. आवाजाच्या उपचारांत आजही ही पहिली पायरी आहे.

असाच प्रसंग पुढं आपल्याकडच्या एका थोर गवयावर आला. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाँ खाँ तरुण असताना अमलेटा या छोट्या संस्थानात होते. तिथल्या राजाला गाण्याचा इतका नाद, की खाँसाहेबांना दिवसचे दिवस तासन्‌तास गावं लागलं. आवाज बसला तो बसलाच. बऱ्याच काळानं तो परतला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. तेव्हा खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी लयीच्या अंगानं जाणारी, पेचदार गायकी घडवली, असं त्या घराण्यात सांगितलं जातं. तीच गायकी घेऊन ते शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आले आणि गोव्याच्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून ती महाराष्ट्रानं ऐकली. एकाचा आवाज गेला म्हणून त्यानं नवी गायकी शोधली. दुसऱ्याचा गेला म्हणून त्यानं आवाजाचं घरच शोधायला घेतलं.

ते घर सापडलं सप्टेंबर १८५४ मध्ये. गार्सिया तोवर लंडनला स्थायिक झाला होता आणि सुट्टीसाठी पॅरिसला आला होता. तिथल्या पॅले रोयाल या वास्तूच्या आवारात तो फिरत होता. ऊन पडलेलं होतं, आणि खिडकीच्या काचेवरून एक तिरीप चमकून गेली. वर्षानुवर्षं डोक्यात घोळणारं कोडं त्या एका क्षणात सुटलं. एका आरशानं ऊन आत पाठवायचं, दुसऱ्यानं आतलं दृश्य बाहेर आणायचं. तो तडक शार्येर या शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्याच्या दुकानात गेला. लांब दांड्याचा, दात पाहायचा एक इवलासा आरसा तिथं पडून होता. कोणी घेत नव्हतं. सहा फ्रँकला त्यानं तो घेतला.

घरी येऊन त्यानं तो छोटा आरसा गरम पाण्यात बुडवला, म्हणजे श्वासाची वाफ त्यावर धरू नये. पुसून पडजिभेला टेकवला. हातातल्या दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन टाकलं. आणि त्याला दिसलं. श्वास घेताना उघडणारं दार, सूर लावताना जवळ येणाऱ्या दोन पांढऱ्या कडा, त्यांच्यामागं खाली उतरणारी श्वासनलिका. आपल्याच आवाजाला त्यानं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता.

खरं सांगायचं तर घशात डोकावण्याचा प्रयत्न करणारा तो पहिला नव्हता. १८०७ साली बोझिनी या जर्मन डॉक्टरनं मेणबत्तीच्या उजेडावर चालणारं एक उपकरण मांडलं होतं. १८२९ साली लंडनच्या बॅबिंग्टननंही आरशाचं एक साधन दाखवलं होतं. पण ते दोघं रोग शोधत होते आणि त्यांचे रोगी ठसका लागून तोंड मिटून घेत होते. गार्सिया सूर शोधत होता आणि त्याचा रोगी तो स्वतःच होता. गवयाचा तयार गळा, घशावर ताबा. जिथं डॉक्टरांचा आरसा अडला, तिथं गवयाचा गेला.

१८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं त्याचा निबंध वाचला गेला. सूर कसे बनतात, छातीचा आवाज आणि वरचा बारीक आवाज यांत स्वरतंतू कसे वागतात, यावर तो होता. डॉक्टरांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. दोन वर्षांनी व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात लुडविग ट्युर्क या डॉक्टरनं तसाच आरसा रोग्यांवर वापरून पाहिला. तोही उन्हाच्या भरवशावर. युरोपातला हिवाळा आला, ऊन गेलं, आरसे कपाटात गेले. ते आरसे योहान चेर्माक या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं मागून नेले. त्यानं उन्हाऐवजी दिव्याचा उजेड घेतला आणि तो परतवायला मोठा, मधे भोक असलेला अंतर्गोल आरसा वापरला. आता घसा रात्रीही पाहता येऊ लागला. आपल्याकडच्या जुन्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या कपाळावरचा गोल आरसा ज्यांना आठवत असेल, त्यांना तो कुठून आला ते आता कळेल.

पुढं ट्युर्क आणि चेर्माक यांच्यात 'पहिला कोण' यावरून मोठं भांडण जुंपलं. गार्सिया त्या भांडणात पडला नाही. तो लंडनमध्ये शिकवण्या करत राहिला.

रोग दिसू लागला तसा रोगावर हात टाकायची हिंमत आली. १८६१ साली ट्युबिंगेनच्या व्हिक्टर फॉन ब्रुन्स या सर्जननं आपल्या सख्ख्या भावाच्या स्वरतंतूवरचा मस तोंडावाटे, आरशात पाहत पाहत काढला. मान चिरली नाही. भूलही दिली नाही. घसा बधिर करायचं औषध तेव्हा नव्हतंच. ते १८८४ साली कोकेनच्या रूपानं आलं. तोवर हत्याराच्या स्पर्शाची सवय व्हावी म्हणून रोग्याला आठवडेच्या आठवडे सराव द्यावा लागे. भावाची माया आणि भावाचा विश्वास, दोन्हींची ती परीक्षा होती.

पण दिसणं म्हणजे कळणं नव्हे, हा धडा जगाला शिकवला तो एका राजपुत्राच्या घशानं. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा जावई. १८८७ च्या सुरुवातीला त्याचा आवाज बसला. तो सुटेना. मार्चमध्ये गेरहार्ट या बर्लिनच्या प्राध्यापकानं आरशातून पाहिलं, तर डाव्या स्वरतंतूवर छोटी गाठ. तापलेल्या तारेनं ती जाळली, ती परत आली. फॉन बेर्गमान या सर्जननं मान उघडून गाठ काढायचं ठरवलं. शस्त्रक्रियेची तयारी झाली. त्याआधी एकदा लंडनच्या मोरेल मॅकेन्झीचं मत घ्यावं, असं ठरलं.

मॅकेन्झी म्हणजे त्या काळचा घशाचा सर्वांत नामांकित डॉक्टर. तरुणपणी तो आरशाची विद्या चेर्माककडूनच शिकला होता. लंडनमध्ये केवळ घशाच्या रोगांसाठी त्यानं रुग्णालय काढलं होतं. २० मे रोजी तो बर्लिनला पोचला. त्यानं सांगितलं, आधी गाठीचा तुकडा काढून तपासा, मगच सुरी लावा. तुकडा काढला आणि तपासायला दिला रुडॉल्फ व्हिर्चोला. रोग पेशीत असतो हे जगाला शिकवणारा हाच तो माणूस. व्हिर्चोनं कळवलं, या तुकड्यात कर्करोग दिसत नाही. पुन्हा तुकडे काढले, पुन्हा तेच उत्तर. शस्त्रक्रिया थांबली. सप्टेंबरमध्ये राणीनं मॅकेन्झीला 'सर' केलं.

नोव्हेंबरमध्ये इटलीतल्या सान रेमो इथं हवापालटासाठी गेलेल्या युवराजाचा घसा पुन्हा पाहिला, तेव्हा शंका उरली नाही. कर्करोगच होता. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वास कोंडला म्हणून मानेत भोक पाडून नळी बसवावी लागली. बरोबर महिन्यानं, ९ मार्चला, म्हातारे वडील वारले आणि फ्रेडरिक जर्मनीचा सम्राट झाला. एका शब्दानंही बोलू न शकणारा सम्राट. कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून तो हुकूम देत होता, बायकोशी बोलत होता. नव्व्याण्णव दिवस राज्य करून १५ जूनला तो वारला. शवविच्छेदन व्हिर्चोनंच केलं आणि स्वरयंत्रातला कर्करोग डोळ्यांनी पाहिला.

मग दोषारोप सुरू झाले. जर्मन डॉक्टरांनी आपला अहवाल छापला, मॅकेन्झीनं उत्तरादाखल पुस्तक लिहिलं. रोग्याच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्याबद्दल त्याच्याच देशातल्या सर्जनांच्या संस्थेनं त्याच्यावर ठपका ठेवला. चार वर्षांनी, चोपन्नाव्या वर्षी तोही गेला. चूक कोणाची, यावर आजही लिहिलं जातं. पण नीट पाहिलं तर व्हिर्चो खोटं बोलला नव्हता. त्याच्या हाती आलेल्या तुकड्यात रोग नव्हता. रोग त्या तुकड्याच्या शेजारी किंवा खाली होता. तुकडा फक्त तुकड्यापुरतीच साक्ष देतो. बेर्गमानची शंका बरोबर होती, पण त्या काळी त्या शस्त्रक्रियेतून उठणारे रोगी थोडे होते, म्हणून मॅकेन्झीचा सावधपणाही निव्वळ हट्ट नव्हता. आरसा, सूक्ष्मदर्शक आणि सुरी, तिन्ही होती. तिन्हींचा मेळ नव्हता. आणि डॉक्टरांमध्ये देशाभिमान आला, की रोग्याचं ऐकायला कोणी उरत नाही.

संपूर्ण स्वरयंत्र काढायची शस्त्रक्रिया याआधीच झालेली होती. १८७३ सालच्या शेवटच्या दिवशी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथनं कर्करोगासाठी ती पहिल्यांदा केली. त्याच्या हाताखालच्या गुसेनबाउरनं त्या रोग्यासाठी धातूच्या पट्टीचं कृत्रिम स्वरयंत्र बनवलं. रोगी त्यातून एकसुरी का होईना, ऐकू येईल असं बोलला. काही महिन्यांनी रोग उलटला आणि तो वारला. पण एक गोष्ट तिथं पहिल्यांदाच मान्य झाली होती. जीव वाचवला म्हणजे काम संपलं असं नाही. त्या माणसाला बोलतंही करायला हवं.

त्यानंतरच्या शतकात पाहण्याची साधनं बदलत गेली. १८९५ साली बर्लिनच्या किर्श्टाइननं आरशाशिवाय, नळीतून थेट स्वरयंत्र पाहून दाखवलं. सेकंदाला शे-दोनशे वेळा हलणारे स्वरतंतू डोळ्याला धूसर दिसतात. उजेडाची उघडझाप त्यांच्या गतीच्या अगदी जवळ, पण किंचित वेगळी ठेवली, की ते संथ लाटेसारखे हलताना दिसतात. या युक्तीला स्ट्रोबोस्कोप म्हणतात. १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि नाकातून घालायची काचतंतूंची लवचीक दुर्बीण जपानमधून आली. आता रोगी बोलतो, गातो, आणि डॉक्टर पडद्यावर पाहतो.

या पाहण्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. बसलेला प्रत्येक आवाज एकाच कारणानं बसत नाही. शिक्षक, गायक, भाजीवाले, कीर्तनकार यांच्या स्वरतंतूंवर घासून घासून घट्टे पडतात, जसे नांगर धरणाऱ्याच्या हाताला पडतात. त्यांना बहुधा सुरी लागत नाही. आवाज वापरण्याची पद्धत बदलावी लागते, आणि ती शिकवायला स्पीच थेरपिस्ट असतो. कोणाच्या पोटातलं आम्ल रात्री घशापर्यंत चढतं. कोणाचा एक स्वरतंतू लुळा पडतो. मिसरूड फुटलेल्या एखाद्या मुलाचा आवाज बारीकच राहतो. वर्गात त्याची चेष्टा होते, तो बोलणंच टाकतो. त्याचं स्वरयंत्र बहुतेकदा अगदी धडधाकट असतं, आणि काही दिवसांच्या सरावानं त्याला त्याचा जाड आवाज सापडतो. केवळ कोणी सांगितलं नाही म्हणून आयुष्यभर मान खाली घालून राहिलेली अशी माणसं असतात. आपल्या देशात ही विद्या शिकवणारी मोठी संस्था म्हैसूरला १९६५ साली निघाली, आणि १९८३ साली मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावानं दुसरी राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

आणि उरतो तो कर्करोग. बिडी, सिगारेट आणि त्याच्या जोडीला दारू, ही स्वरयंत्राच्या कर्करोगाची मोठी कारणं. पण या रोगात एक दया आहे. तो स्वरतंतूवर उगवला तर अगदी लहान असतानाच आवाज बदलून वर्दी देतो. त्या अवस्थेत किरणोपचारानं किंवा लेसरनं दहातले नऊच्या आसपास रोगी बरे होतात, आणि बहुतेकांचा आवाजही वाचतो. म्हणून डॉक्टर सांगतात, तीन-चार आठवडे उलटूनही आवाज सुटला नाही, तर घसा आतून पाहून घ्या. तंबाखू ओढणाऱ्यानं तर तेवढंही थांबू नये. खडीसाखरेचं काम पंधरा दिवसांचं, पुढचं काम दुर्बिणीचं.

स्वरयंत्र काढावं लागलं तरी आज बोलणं संपत नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक इवलीशी झडप बसवतात, आणि मानेतलं छिद्र बोटानं दाबून माणूस बोलू लागतो. अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम या दोघांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. पण ती परदेशी झडप हजारो रुपयांची, आणि ठरावीक काळानं बदलावी लागणारी. ज्याचा रोजगारच आवाजाबरोबर गेला, तो ती कुठून आणणार? बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी एका रोग्याची ही अडचण पाहून मित्राच्या मदतीनं सुमारे पन्नास रुपयांची झडप तयार केली. नाव ठेवलं 'ओम'. २०१५ नंतर देशभरात तिची वार्ता झाली. फ्रेडरिक सम्राटाच्या हातात शेवटपर्यंत कागद-पेन्सिलच राहिली. पन्नास रुपयांची झडप लावलेला मजूर आज नातवाला हाक मारू शकतो.

गार्सिया दीर्घायुषी निघाला. १७ मार्च १९०५ रोजी त्याला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी लंडनमध्ये त्याचा सत्कार झाला. इंग्लंडच्या राजानं पदक दिलं, स्पेनच्या राजानं दिलं, आणि जर्मनीच्या कैसरनंही विज्ञानाचं सुवर्णपदक पाठवलं. तो कैसर म्हणजे त्या मुक्या सम्राटाचाच मुलगा. सार्जंट या मोठ्या चित्रकारानं काढलेलं त्याचं चित्र त्याला भेट दिलं गेलं. देशोदेशीचे घशाचे डॉक्टर आणि त्याचे गाणारे शिष्य एकाच दालनात बसले होते. पुढच्या वर्षी, एकशे एकाव्या वर्षी, तो शांतपणे गेला.

सहा फ्रँकच्या आरशानं त्याला त्याचा आवाज परत मिळाला नाही. तसा त्याचा हेतूही नव्हता. आवाज कसा येतो आणि कसा जातो, एवढंच त्याला समजून घ्यायचं होतं. त्याच्या त्या कुतूहलावर पुढं लाखो घसे तपासले गेले. आता आरशाची वाण कुठं नाही. तालुक्याच्या गावीही कान-नाक-घशाचा डॉक्टर भेटतो. फक्त आपल्या घरात कोणाचा आवाज किती दिवसांपासून बसलेला आहे, हे आपण ऐकलं पाहिजे. ज्याचा बसतो त्याला सवय होऊन जाते. तो सहसा स्वतःहून बोलत नाही.